सेलरचे पंख, सार्जंटचं पोट

गिरिधर बारापात्रे सरांना राग आला की आधी चष्मा निघायचा आणि मग आवाज. त्या दुपारी दोन्ही एकदमच निघाले.

"मले खोटारडा म्हणते ही पोट्टी! मले!"

प्रताप नगरातलं त्यांचं घर एरवी शांत. कूलर घरघरत होता, खिडक्यांना ओले पडदे होते, बाहेर एप्रिलचं ऊन रस्ता भाजत होतं. जेवणाच्या टेबलावर निळ्या बांधणीचा एक जाडजूड प्रबंध उघडा पडला होता आणि सर त्याच्याभोवती येरझारा घालत होते. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली, तरी कुणी फुलपाखरांवर पीएचडी करायला घेतली की प्रबंध तपासायला यायचा तो सरांकडेच. दुसरं आहेच कोण, असं सर स्वतःच म्हणायचे आणि ऐकणारे मान हलवायचे. मान न हलवणाऱ्यांना सर पुन्हा घरी बोलवत नसत.

हा प्रबंध होता दीक्षा गजघाटेचा. दीक्षा सरांचीच जुनी विद्यार्थिनी. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली, बाप तिथेच फिटर. रोज बसचे धक्के खात कॉलेजात यायची, वहीच्या पानांवर राखेची बारीक पूड असायची, पण वर्गात पहिल्या बाकावर. सर तिला सगळ्यांसमोर वाखाणायचे. आता तिनेच सरांच्या फुलपाखराला हात घातला होता.

फुलपाखरावरून माणूस इतका कसा पेटतो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापा. तुम्ही ज्या एका गोष्टीवर आयुष्यभर मान ताठ ठेवून फिरलात तिला कुणी बोट लावू द्या, मग बोलू.

गोष्ट अशी. आपल्याकडे काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेली दोन तऱ्हेची फुलपाखरं दिसतात. एकाला सेलर म्हणतात, दुसऱ्याला सार्जंट. नावं इंग्रजांनी ठेवलेली, ती तशीच चालत आली. दोन्ही कुंचलपाद घराण्यातली. म्हणजे त्यांचे पुढचे दोन पाय अगदी आखूड आणि केसाळ, रंगाऱ्याच्या कुंच्यासारखे. चालायला त्यांचा काडीचा उपयोग नाही, म्हणून सहा पायांचा जीव बसला की चार पायांचा वाटतो. सेलर आणि सार्जंट झाडावर शेजारी बसले तर नवख्याला फरक कळत नाही. पण शास्त्रात त्यांची कुळं वेगळी. आणि पंखांवर भरवसा ठेवला तर फसायला होतं, कारण पट्टा कमीजास्त होतो. खरी ओळख पोटाच्या टोकाला. नराची जोडा जमवायची जी इंद्रियं असतात ती ज्याची त्याची ठरलेली असतात. ती भिंगाखाली पाहायची आणि मग कूळ सांगायचं.

फार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत सर सासुरवाडीला उमरेडला गेले होते. तिथल्या जंगलात त्यांच्या जाळीत एक सेलर सापडला. पंखावरचा पट्टा जरासा वेगळा, एवढंच. घरी आणून त्यांनी तो टाचणीवर लावला, वाळवला आणि पुढे सवडीनं पोटाचं टोक तेवढं कापून भिंगाखाली धरलं. धरलं आणि खुर्चीतून उठलेच. पंख सेलरचे, आणि पोट सार्जंटचं! दोन कुळांना जोडणारा, दोघांच्या मधला जीव. असा कुणी पाहिला नव्हता, कुणी लिहिला नव्हता. सरांनी लिहिला. परदेशी मासिकात छापून आला. कोष्टीपुऱ्यात हातमाग विकून गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलणाऱ्या बापाचा मुलगा एका लेखानं मोठा झाला.

नव्या जिवाचं नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. पण स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही, असा त्या लोकांचा रिवाज आहे. सरांनी बायकोचं दिलं. प्रेमिला. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे लॅटिन शेपूट लावून, पण प्रेमिलाच. केवढं कौतुक झालं त्याचं! प्रत्येक सत्काराला सर ही हकीकत सांगायचे, लोक टाळ्या वाजवायचे, कुणीतरी पहिल्या रांगेत बसलेल्या प्रेमिलाबाईंना उठवून शाल द्यायचं. बाई शाल घेऊन पुन्हा बसायच्या. त्यांना काय वाटतं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सरांना तर नाहीच नाही.

तसा दुसरा जीव मात्र पुन्हा कधी कुणाला सापडला नाही. दुर्मीळ आहे, सर म्हणायचे. उमरेडचं जंगल ज्यांनी पायाखाली घातलं तेही हात हलवत परत आले. दुर्मीळ आहे, सर म्हणायचे.

आणि आता ही दीक्षा. दोन वर्षांपूर्वी ती डीएनएचं काम शिकून आली तेव्हा सरांनी स्वतः कौतुकानं पेटी उघडली होती, चिमट्यानं त्या फुलपाखराचा मधला एक पाय अलगद काढून तिच्या नळीत टाकला होता. "घे. पाह्य तुझी मशीन काय म्हणते." मशीननं काय म्हटलं ते या प्रबंधात होतं. पाय साध्या सेलरचा. दारोदार दिसतो तसल्या सेलरचा. पोटाचं सरांनी काढलेलं चित्र मात्र निखळ सार्जंटचं. सबब हा नमुना एका जिवाचा नाही, दोन जिवांचा जोडलेला आहे. फोटोत पोटाच्या मुळाशी पांढरट कडं दिसतं तेही तिने बाणानं दाखवलं होतं. कुणी जोडला, केव्हा जोडला, हे सांगता येत नाही, असं लिहून ती थांबली होती. आणि म्हणून प्रेमिला नावाचं फुलपाखरू जगात नाही. ते नाव यादीतून काढावं.

सरांनी एवढंच वाचलं आणि चष्मा काढला.

अहवाल त्यांनी लिहूनच ठेवला. प्रबंध अमान्य. कारणं भरपूर दिली, इंग्रजीत, एकाहून एक बोचरी. दीक्षाची पुढच्या महिन्यात एका कॉलेजात मुलाखत होती, पदवी हातात नसेल तर तिला दारातूनच परत पाठवणार होते. सरांना हे ठाऊक होतं. तिनेच मागे फोनवर सांगितलं होतं, "सर, आशीर्वाद द्या." तरीही लिहिलं. पण नुसतं लिहून पोट भरेना. तिला समोर बसवून, तिच्या तोंडावर पेटी उघडून, तिला गप्प करायचं होतं. परीक्षकानं असं बोलावणं नियमात बसत नाही. सरांच्या रागापुढे नियमाचं काय चालतं? फोन लावलाच.

"दीक्षा, आज ये घरी. हो, आजच. नमुना पाह्यचा आहे ना तुले? ये."

ती येते म्हणाली. आवाज घाबरलेला होता. सरांना तेवढ्यानंही बरं वाटलं.

फोन ठेवून ते पुन्हा टेबलाशी आले आणि पुन्हा भडकले. प्रेमिलाबाई स्वयंपाकघरात बेसनाच्या पाटोडीचा रस्सा करत होत्या. तिखटाचा ठसका घरभर पसरला होता. आरडाओरडा ऐकून त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काय झालं वो? काय म्हणते ती पोट्टी?"

एरवी सर म्हणाले असते, तुले नाही समजत, जा. पण आज ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

"म्हणते, आपलं फुलपाखरू बनावट आहे! पंख एकाचे आन् पोट दुसऱ्याचं! जोडलेलं आहे म्हणते! कोणीतरी चिकटवलं म्हणते! आता बोल!"

"हाव," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "जोडलेलंच आहे ना ते."

सरांनी वळून पाहिलं.

"मीच तं जोडलं होतं," बाई म्हणाल्या, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांचेच हात पदरात थांबले. "काहून? तुमाले माहीत आहे ना."

सर खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा खुर्ची खाली होती म्हणून बरं.

मग बाईंनी सांगितलं, आणि तेही अगदी साधेपणानं, जशी कुणी दूध उतू गेल्याची गोष्ट सांगतं. त्या दिवाळीला सर उमरेडहून परत आले, फुलपाखरू टाचणीवर लावून मागच्या खोलीत वाळत ठेवलं आणि कॉलेजात गेले. दुपारी बाई केर काढायला गेल्या तर टेबलावर मुंग्यांची रांग. पंख जागेवर, डोकं जागेवर, आणि पोट गायब. मुंग्यांनी पोटच ओढून नेलं होतं, मऊ असतं ना ते. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या आधीच्या वर्षी असंच एक पाखरू पडून मोडलं होतं तेव्हा सरांनी जेवणाचं ताट भिंतीवर मारलं होतं. पुढे कितीतरी दिवस घरात बोलणं नव्हतं. लेक तेव्हा लहान होती, ती बाबांच्या पावलांच्या आवाजानं दचकायची.

"मंग मी काय करू? तुमच्या त्या बिस्किटाच्या डब्यात कागदात गुंडाळलेले बाकीचे पडून होते. तसलाच काळा-पांढरा एक पाह्यला, त्याचं पोट काढलं, आन् बसवलं ह्याले. थोडीशी खळ शिजवली, तांदळाची. आमच्या घरी नाही का ताण्याचे धागे जोडत, तशी."

उमरेडला बाईंच्या बापाच्या घरी हातमाग होते. मागावर काही तुटलं तर दिवेलागणीच्या आत ते सांधल्याशिवाय बायकांनी उठायचं नाही, हा त्यांच्या घरचा दंडक. बोटाला खळ लावायची, दोन टोकं जुळवायची, आणि अशी जुळवायची की कापडावर हात फिरवला तरी गाठ लागू नये. प्रेमिला त्या घरात सगळ्यांत हलक्या हाताची पोरगी म्हणून नावाजलेली. तुटलेलं तसंच ठेवून ती उठलीच नसती. सेलर कोण, सार्जंट कोण, तिला कुठे ठाऊक? काळं होतं, पांढरं होतं, मापात बसलं.

"आन् सांगतलं काहून नाही मले?" सरांचा आवाज फाटला.

"सांगतलं होतं."

"केव्हा?"

"त्याच दिवशी. तुमी जेवता जेवता पेपर तपासून राहिले होते. मी म्हटलं, अवो, तुमच्या त्या पाखराचं पोट मुंग्यायनं नेलं होतं, मी डब्यातल्या दुसऱ्याचं बसवलं, पाहून घेजा. तुमी म्हणाले, हं. मंग म्हणाले, बरं केलं."

सरांनी डोळे मिटले. त्यांना पेपर आठवले. लाल पेन आठवलं. त्या वर्षी एका पोरानं बेडकाला फुप्फुसंच नाहीत असं लिहिलं होतं, तेसुद्धा आठवलं. बायकोचा शब्द मात्र एकही आठवेना. पण "हं, बरं केलं" हे आपलंच आहे, हे त्यांना मनातून पटलं. घरात ते एवढंच बोलत.

"अन् नाव ठेवलं तवा? तवा तोंडात काय होतं तुझ्या?"

"मले काय माहीत तुमी पोट पाहून नाव ठेवता?" आता बाईंचाही आवाज चढला. "मले वाटलं पंख पाहून ठेवता! सारी दुनिया पंखच पाहते! माझं नाव ठेवलं म्हून शाली घेतल्या मी, पण त्या पाखरात असं काय नवीन आहे, हे कधी सांगतलं तुमी मले? एकदा तरी? हॉलमधी साऱ्याईले सांगतलं, इंग्रजीत. आज पहिल्यांदा आयकलं मी का पोटावरून सारं ठरते!"

खरं होतं ते. आणि खरं होतं म्हणूनच सरांच्या अंगाची लाही झाली. आधी बायकोचा राग आला, मग मुंग्यांचा, मग स्वतःचा, पण स्वतःचा फार वेळ टिकला नाही. त्याच्या जागी भीती आली. भिंतीवरचे सत्काराचे फोटो, मानपत्रं, पुस्तकांतला तो परिच्छेद, सगळं एका चिमूटभर खळीवर! उद्या हे बाहेर फुटलं तर लोक हसणार नाहीत का? बारापात्रेंनी मुंग्यांच्या खरकट्यावर नाव कमावलं म्हणतील. बायकोनं चिकटवलेलं शास्त्रज्ञाला ओळखता आलं नाही म्हणतील.

आणि भीतीच्या मागोमाग हिशेबही आला. कुणाला माहीत आहे? एकट्या प्रेमिलाला.

"ती पोट्टी येऊन राहिली," ते हळू आवाजात म्हणाले. "तू आत राह्य. तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

"आन् तिचं काय?"

"तिचं काय?"

"तिचं खरं आहे ना?"

"खरंखोटं तुले काय समजते वं? जा, रस्सा पाह्य."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग आत गेल्या.

दीक्षा आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ओढणीनं घाम पुसत ती दारात उभी राहिली, वाकून नमस्कार केला. सरांनी आशीर्वाद दिला नाही. "बस" म्हणाले. टेबलावर लाकडी पेटी ठेवली, काचेचं झाकण उघडलं. नॅप्थलीनचा वास आला. आत कॉर्कवर ते एकटंच फुलपाखरू. काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं, खाली शाईनं लिहिलेली चिठ्ठी.

"पाह्य. भिंग घे. आता सांग कुठं जोडलं आहे."

तिनं भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. "सर, हे पांढरं कडं..."

"बुरशी आहे ते. इतक्या वर्षांचा नमुना आहे, बुरशी येणार नाही तर काय येईन?"

"मग पाय सेलरचा कसा निघाला, सर?"

"तुझी नळी घाण असेल! दुसऱ्याचा पाय मिसळला असेल!" सर ओरडले आणि मग एकदम मऊ झाले. हा मऊपणा त्यांच्या रागापेक्षा वाईट होता. "हे पाह्य दीक्षा, तू माझ्या पोरीसारखी आहेस. बाकीचा प्रबंध चांगला आहे तुझा. हे एवढं प्रकरण काढून टाक. नजरचुकीनं झालं म्हणून दोन ओळी लिहून दे. आज सही करतो. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे ना तुझी?"

पोरीचे डोळे भरून आले. तिनं भिंग खाली ठेवलं. कोराडीच्या त्या फिटरनं निवृत्तीनंतरही ठेकेदाराकडे काम धरलं होतं, पोरीचं शिक्षण पुरं व्हावं म्हणून, आणि हे सरांना तिनेच कधी तरी सांगितलं होतं.

"सर, खरं सांगू? घरून निघताना मी ठरवलं होतं, तुम्ही म्हणाल ते काढून टाकीन," ती म्हणाली. "पण आता पाहिलं ना मी. आता कसं काढू? पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला बाकावर उभं केलं होतं, पाय मोजल्याशिवाय नाव सांगितलं म्हणून."

"मग बस मोजत! अमान्य म्हणून पाठवतो मी!"

"ते मी जोडलं, पोरी."

प्रेमिलाबाई दारात उभ्या होत्या. दीक्षानं वळून पाहिलं. सर उठलेच.

"काकू, काय?"

"ते पोट. मी बसवलं होतं. ह्याईले सांगूनच."

आणि आता ऐका. ज्या माणसानं बायकोचं नाव फुलपाखराला दिलं म्हणून जन्मभर टाळ्या घेतल्या, तो माणूस ते नाव वाचवायला काय बोलला ते ऐका.

"हिच्याकडे लक्ष नको देऊ," सर दीक्षाला म्हणाले, हसून म्हणाले. "वय झालं. डोकं ठिकाणावर राहत नाही हिचं आजकाल. काल गॅस चालूच ठेवून झोपली. काहीही बोलते बिचारी."

बाईंनी गॅस चालू ठेवला नव्हता. काल नाही, कधीच नाही. त्या वळून आत गेल्या. सरांना वाटलं, संपलं. जीव भांड्यात पडला त्यांचा.

बाई परत आल्या त्या एक वाटी घेऊन. वाटीत कोमट पाणी, आणि हातात देवापुढे लावायची कापसाची वात.

"तांदळाची खळ आहे ती," त्या दीक्षाला म्हणाल्या. नवऱ्याकडे पाहिलंच नाही. "पाण्यानं सुटते. आमच्या मागावरची अशीच सुटे. बुरशी असेल तं पोट हलणार नाही. मंग मी येडी."

"हात लावू नको त्याले!"

"सर," दीक्षा उठून उभी राहिली. "काकूंना वेडं ठरवण्यापर्यंत गेलात तुम्ही. आता पाहूच द्या."

सर पेटी ओढून घेऊ शकले असते. त्यांचा हात पुढे झालाही होता. पण ओढली तर कबूल केल्यासारखं होणार. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात अजून एक वेडी आशा होती की प्रेमिलाचं खरोखरच काहीतरी चुकत असेल. म्हातारपणी भलतंच आठवत असेल. पोट हलणार नाही, आणि सगळं पुन्हा होतं तसं होईल. बायको वेडी ठरावी म्हणून ते मनातल्या मनात देवाला विनवत होते. त्यांनी हात मागे घेतला.

बाईंनी वात भिजवली, पिळली आणि पोटाच्या मुळाशी टेकवली. तिघंही टेबलाभोवती उभे. कूलर घरघरत होता. बाईंनी वात पुन्हा भिजवली, पुन्हा टेकवली. पांढरं कडं ओलं झालं, चिकट झालं, त्याची बारीकशी तार वातीला लागून आली. बाईंनी ती बोटावर घेऊन चोळली आणि मान हलवली. मग पोट हळूच एका बाजूला कललं आणि कॉर्कवर पडलं. एवढ्याशा वाळक्या पोटाचा आवाज कसला होतो?

दीक्षा जिंकली होती, पण तिचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. ती म्हणाली, "सर, मी अपघात म्हणून लिहीन. कुणाचं नाव घेणार नाही."

"जा तू," सर म्हणाले. "मान्य म्हणून पाठवतो."

त्यांनी अहवालाचा कागद फाडला. ती पुन्हा वाकली, या वेळी आधी बाईंच्या पायाशी, आणि निघून गेली. फाटक वाजलं.

"झालं समाधान?" सर बायकोवर उलटले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, रागाचं की कशाचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "काय मिळालं तुले? आता पुसतील तुझं नाव. कोण्या कोष्ट्याच्या पोरीचं नाव पुस्तकात होतं? तुझं होतं! मी देलं होतं!"

"हाव, देलं होतं," बाई म्हणाल्या. "त्या पाखराले माझं नाव देलं आन् सारी दुनिया आयकत बसवली. घरात माझी एक गोठ नाही आयकली. आज खरं बोलली तं येडी ठरवलं, तेही त्या परक्या पोरीसमोर. ठेवा तुमचं नाव तुमच्यापाशी. नाही पाहिजे मले."

त्या आत गेल्या. सर खुर्चीत बसले. चष्मा घातला, चिमटा घेतला, ते सुटलेलं पोट अलगद उचललं आणि पंखांखाली जागेवर धरून पाहिलं. नीट बसत होतं. अगदी नीट. जरा तिरकं धरून पाहिलं, भिंगातून पाहिलं. हे आपल्याला तेव्हा कसं दिसलं नाही? पोट तसूभर जाड आहे, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं. त्यांनी ते काढून पुन्हा लावलं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. ते पाहत राहिले.

प्रेमिलाबाई पिशवी घेऊन बैठकीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. नेसती साडी बदललेली होती.

"मी उमरेडले जातो, भावाकडे," त्या म्हणाल्या. "वापस येईन असं मी काही सांगत नाही. रस्सा झाकून ठेवला आहे. तुमच्या गोळ्या खिडकीत आहेत."

सरांनी चिमटा भिंगाखाली स्थिर धरला होता.

"हं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं."

बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग चपला पायात सरकवल्या.

अंधार पडायला लागला तेव्हा भिंगातून दिसेनासं झालं. सरांनी पेटी मिटली आणि हाक मारली, "प्रेमिला, चहा टाक." कुणी टाकला नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा चढ्या आवाजात. मग उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पातेलं झाकलेलं होतं. देवापुढे दिवा लागलेला नव्हता. मागचं दार लावलेलं होतं. पुढच्या दाराशी त्यांच्या चपला होत्या, शेजारची जागा रिकामी होती.

शेजारी गेली असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग कपाट उघडं दिसलं.

जाताना ती दाराशी उभी राहून काहीतरी बोलली होती, एवढं त्यांना आठवत होतं. आपण तिला बरं म्हटलं, हेही आठवत होतं. ती काय बोलली होती, ते आठवायचा प्रयत्न करत ते तिथेच अंधारात उभे राहिले, पण काही केल्या आठवेना.